धावेवरचा वळू

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडच्या बाया मानायच्या. हिवरखेडची जयवंता माळीण त्यातली पक्की. बाजारात भाजी विकताना तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. पण नवरा दिसला की नुसतं "अवो".

एका दुपारी तिचा नवरा सहदेव मोटेचा नाडा सरळ करत मागं मागं सरकत होता. पाठीशी विहीर. जयवंतानं वांग्याच्या वाफ्यातून पाहिलं आणि ओरडली, "अवो! अवो!" मळ्यात कामाला असलेला चंद्रभान वळला, पंजाबराव वळला. सहदेव तेवढा वळला नाही. त्याला बाहेर काढलं तेव्हा नाडा हातात तसाच होता.

अकराव्याला त्याच्या नावानं गोऱ्हा सोडायचा होता. अशा वेळी लोक घरातलं लंगडंलुळं शोधून देवावर उपकार करतात. जयवंतानं पांढऱ्या गाईचा गोऱ्हा सोडला, ज्याच्यासाठी तिनं वर्षभर दोन सडांचं दूध काढलं नव्हतं. पुठ्ठ्यावर त्रिशुळाचा डाग दिला आणि तो गावाचा झाला. त्याला वेसण नाही, काठी नाही. गाव त्याला सहदेवच म्हणू लागलं. चार वर्षांत घरोघरी त्याचीच रुंद कपाळाची वासरं हुंदडू लागली. सरकारी वळू द्यायला आलेला जनावरांचा डॉक्टर त्याला पाहून आपला वळू परत घेऊन गेला.

मग तो भरदुपारी जयवंताच्या विहिरीवर यायला लागला. मोटेचे बैल धावेच्या उतारावरून मोट ओढत खाली जातात आणि उलट्या पावलांनी विहिरीकडे चढतात. हे त्यांना शिकवावं लागतं. या वळूच्या मानेवर तर कधी जू पडलं नव्हतं. तरी तो विहिरीकडे पाठ करून धाव उलटा चढायचा. रोज एक पाऊल जास्त. मी स्वतः पाहिलं. जयवंतानं आडव्या टाकलेल्या बोरीच्या काट्या त्यानं शिंगांनी सारून दिल्या.

"आमी लय हाका मारल्या, तो आयकत नाई," पंजाबराव म्हणाला. "तू मारून पाय."

"मी कसं नाव घेऊ त्यायचं?"

दुसऱ्या दुपारी वळूचा मागचा खूर काठावर आला. एक दगड निसटून पाण्यात पडला.

"अवो!" जयवंता ओरडली.

चंद्रभान वळला, पंजाबराव वळला. वळू आणखी मागं सरकला.

"सहदेव!"

तो थांबला. मान वळवून बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला, मग सरळ पावलांनी धाव उतरून निघून गेला.

त्यानंतर आठ वर्षं तो गावात फिरला, पण त्या विहिरीवर परत आला नाही. जयवंता मात्र रोज दुपारी धावेवर जाऊन बसायची. मी एकदा विचारलं, काहून बसतेस?

"एका हाकेचं काम होतं," ती म्हणाली. "अन् मी त्यायचं आयुष्य जपून राह्यली होती."