तीन मतं आणि माझे नव्वद दिवस

जपानमध्ये मला एका वेळी नव्वद दिवस राहता येतं. नव्वद झाले की निघायचं, मग अंगात ताप असो की दुसऱ्या दिवशी नातीचा वाढदिवस असो. माझा मुलगा घराच्या कर्जासाठी जपानचा नागरिक झाला. त्याला इथे मरेपर्यंत राहता येतं. त्याला जन्म देणारीला नव्वद दिवस.

मायेपोटी मला इथे राहायचं आहे, असं कुणी समजू नये. पुण्यातलं माझं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. माझे दोन्ही गुडघे गेले आहेत. टोकियोतल्या निशी-कसाईत मुलाचं घर नवव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे. सून म्हणते, "आई, लोकांना असं सांगू नका, बरं दिसत नाही." पण कारण तेच आहे.

मागच्या खेपेला मी इथे असताना त्यांच्या संसदेची निवडणूक लागली. तेव्हाच आमच्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. मी विधवा. गावाकडे मला कुणी बोलावलं नसतं. इथे माणसं कमी, त्यामुळे सगळ्यांना बोलावतात. नवरे खुर्च्या लावायला आले होते. आणि तिथे हातात पांढरे मोजे घातलेला एक जपानी गृहस्थ आला. आमच्या भागातून उभा होता. हळदीकुंकवाला पुरुष आला, पण पाहुणा म्हणून कुणी काही बोललं नाही. एका बाईने तर त्याला तिळगूळ आणि वाणाची स्टीलची वाटी दिली. त्याच्याबरोबरच्या पोराने ती घाईघाईने परत केली.

त्याने भाषण केलं. सून माझ्या कानात मराठीत सांगत होती. तो निवडून आला तर इथल्या परदेशी लोकांच्या आई-वडिलांना मुलांजवळ कायम राहता यावं म्हणून कायदा बदलायला झटणार होता. हॉल टाळ्यांनी भरला. सगळ्यात जास्त वेळ मी वाजवल्या.

मग त्याने विचारलं, तुमच्यात मतदार किती, हात वर करा.

भरल्या हॉलमध्ये तीन हात वर झाले. बाकी सगळे भारतीय पासपोर्टवाले. तीनपैकी एक हात माझ्या मुलाचा होता आणि तोही खांद्यापर्यंतच, मान खाजवायला उचलावा तसा. उमेदवार तीनदा वाकला, प्रत्येक हाताला एकदा.

घरी येताना मी मुलाला विचारलं, "मत देतोस ना रे?"

नात आठ वर्षांची आहे, ती जपानीत काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मी सुनेला विचारलं.

"बाबा कधीच जात नाही म्हणते."

"रविवार असतो गं आई," मुलगा म्हणाला. "आठवडाभर काम करून माणूस दमतो."

"मतपेटी काय तुझ्या डोक्यावरून वाहून न्यायची असते?"

खरं कारण जेवताना निघालं. आपल्याकडे बटण दाबायचं असतं. इथे कोरा कागद आणि पेन्सिल देतात आणि उमेदवाराचं नाव आपल्या हाताने लिहायचं असतं. माझा मुलगा जपानी फाडफाड बोलतो, संगणकावर लिहितो, पण हातात पेन्सिल दिली की संपलं. नागरिक होताना त्याने लेखी परीक्षा दिली होती.

"कितवीची होती?" मी विचारलं.

"दुसरी-तिसरीच्या पोरांची असते तसली. पास झालो आणि विसरलो."

म्हणजे मी चौथी पास आणि हा फार तर तिसरी पास. एवढी वर्षं मला उलटंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या दोन मतदारांना घरी बोलावलं. एक सुनेच्या मैत्रिणीचा नवरा, दुसरे शेजारच्या इमारतीत राहणारे टक्कल पडलेले शास्त्रज्ञ. दोघांचंही तेच. शास्त्रज्ञ म्हणाले, "काकू, ते नाव अवघड चित्राक्षरांऐवजी लहान मुलांच्या सोप्या अक्षरांतही लिहिता येतं हो. पण माझ्या वयाच्या माणसाने पहिलीतल्या पोरासारखं लिहायचं? मोजणारे हसतील."

"मोजणाऱ्याला काय कळतंय कुणी लिहिलं?"

"मला कळतं ना."

मी पोह्यांना फोडणी टाकायला उठले तर सून मागे आली. "आई, मतासाठी बोलावलेल्या माणसांना इथे काही खायला घालता येत नाही. कायदा आहे. चहा आणि बिस्किट, बस्स." भिजवलेले पोहे तसेच राहिले. माझ्या दारातून आजवर कुणी नुसत्या चहावर गेलं नव्हतं. त्या दिवशी तिघं गेले. घरचाच असून मुलगासुद्धा त्यांच्याबरोबर बिस्किट खाऊन उठला.

मग मी माझ्या पद्धतीने घेतलं. रस्त्याच्या कडेला लाकडी फळीवर सगळ्या उमेदवारांचे फोटो लावतात. सुनेने सांगितलं, त्या मोजेवाल्याने आपलं नाव सोप्या अक्षरांतच मोठं छापलं होतं. सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ते उभ्याने उतरवून आणलं. मला एकही अक्षर वाचता येत नव्हतं. पण आमच्या शाळेत वाचण्याआधी गिरवायला शिकवत. घरी मी ते चाळीस वेळा गिरवलं. नातीने कागद बघितला आणि ते नाव मोठ्याने वाचलं. तिने माझं काही वाचण्याची ती पहिलीच वेळ.

मग तिघांना कागद वाटले. रोज कामावरून आल्यावर एक पान, आणि दोघांनी पानाचा फोटो सुनेच्या फोनवर पाठवायचा. शास्त्रज्ञांचं अक्षर सगळ्यात वाईट. मी सुनेकडून निरोप धाडला, "ओळ सोडून खाली घसरताय. पुन्हा लिहा." त्यांनी लिहिलं. मुलगा कुरकुरला, "आई, मी चौदा माणसांचा प्रमुख आहे ऑफिसात."

"तिथे असशील. शेवटचं अक्षर परत काढ."

मतदान रविवारी होतं आणि मंगळवारी माझे नव्वद दिवस भरत होते. मतदान शाळेच्या व्यायामशाळेत. मुलाबरोबर नातीला आत सोडलं, मूल म्हणून चालतं. मला दारातच थांबवलं. ज्या बाईला ते नाव डोळे मिटून लिहिता येत होतं ती बाहेर, आणि ज्याचं शेवटचं अक्षर अजून चुकत होतं तो आत.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

"काय झालं? चुकलास?"

"नाही गं. लिहायच्या जागी समोरच सगळ्यांची नावं लावलेली असतात. बघून लिहायचं."

मी विचारलं, "आणि तुला हे माहीत नव्हतं?"

"कधी गेलोच नव्हतो ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर कळलं, मोजेवाला निवडून आला. इतक्या मतांनी आला की आमची तीन नसती तरी आला असता. मंगळवारी मी विमानात बसले. जाण्याआधी सुनेला त्याच्या कार्यालयात पत्र टाकायला लावलं, कायद्याचं कधी करताय. पुण्यात चौथ्या मजल्यावर मला फोन आला की उत्तर आलंय, विचार करू.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणाले.

"आई, इथे विचार करू म्हणजे नाही," मुलगा म्हणाला.

मला समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या बहिणीला पाच स्थळांनी "कळवतो" म्हणून सांगितलं होतं.

आता पुन्हा आले आहे, पुन्हा नव्वद दिवसांवर. आज एकविसावा आहे. संसद मध्येच बरखास्त झाली म्हणून पुन्हा निवडणूक लागली आहे आणि फळीवर फोटो चढले आहेत. मोजेवाला पुन्हा उभा आहे, परवा आमच्या मराठी मंडळात येऊन गेला. भाषणही तेच. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी नातीला उभं केलं आणि तिच्या तोंडून विचारलं, "तुम्ही विचार करू म्हणाला होता. झाला का करून?"

तो वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. आजूबाजूचे म्हणाले, माफी मागतोय. मला त्याच्या कमरेचा हेवा वाटला, दुसरं काही नाही.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, "मग या वेळी कुणाला देऊ?"

"दुसरा आहे तो आई-वडिलांबद्दल काय म्हणतो?"

"काहीच नाही."

"मग निदान खोटं तरी बोलत नाही."

मी खाली जाऊन त्याचं नाव उतरवून आणलं. पहिल्यापेक्षा लांब आहे, आणि मधलं एक अक्षर फार वाकडं आहे. मुलगा म्हणाला, "आई, आता माहीत आहे, तिथे नाव लावलेलं असतं."

"असू दे. पेन्सिल घे."