इंजिन थंड होईपर्यंत

मुळा धरणाच्या आसपास असं डिझेल इंजिन सापडणं अवघड, ज्याच्या पोटात गनीभाई मिस्त्रींचा हात गेलेला नाही. आणि ज्याचा गनीभाईंनी पाणउतारा केलेला नाही असा इंजिनमालक सापडणं त्याहून अवघड.

राहुरीच्या बाजारतळामागं त्यांचं पत्र्याचं शेड आहे. वय बासष्ट, अंगानं काटक, उजवं मनगट जरा वाकडं. गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याच्या चपलांकडं बघत, मग इंजिनाकडं, आणि तोंडाकडं शेवटी, तेही गरज पडली तरच. चार एकर ऊस असलेला बागायतदार जळलेला पिस्टन घेऊन आला की ते विचारायचे, "तेल कधी बदललं हुतं?"

"बदलतो की टायमाला."

"कोनाच्या टायमाला? इंजिनाच्या का तुमच्या सवडीच्या?"

माणूस ओशाळून हसायचा. गनीभाई हसायचे नाहीत. ही वृत्ती त्यांनी संगमनेरात उचलली होती. चौदाव्या वर्षी ते तिथं एका मिस्त्रीच्या हाताखाली राहिले, आणि दुसऱ्याच महिन्यात इंजिनाच्या हँडलनं उलटा झटका देऊन त्यांचं मनगट मोडलं. उस्ताद जागेवरून उठलासुद्धा नाही. "अंगठा आत धरला असशील," एवढंच म्हणाला आणि विडी पेटवली. तेव्हापासून गनीभाईंच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं उरली, हँडल धरायला येणारी आणि न येणारी. न येणारांचीच गर्दी फार होती. त्यात त्यांचा स्वतःचा मुलगा आसिफही होता. तो मोबाईलच्या काचा बदलायचा, आणि गनीभाई त्याच्या दुकानाला 'बांगड्यांचं दुकान' म्हणायचे. बायकोसमोर, शमशादबींसमोर मात्र म्हणायचे नाहीत.

अशा माणसाकडं गेल्या पौषात टाकळवाडीच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन सहादेवराव आले. टाकळवाडी धरणाच्या फुगवट्यापलीकडं आहे. पाण्यावरून दीड किलोमीटर, रस्त्यानं गेलं तर तीस. वाडीचं दूध, शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, सगळं वल्ह्याच्या होडीतून अलीकडं येतं. ही होडी पूर्वी सुनील चालवायचा. तो सुप्याला कंपनीत लागला, तेव्हापासून वल्हं त्याच्या बायकोच्या, सुरेखाच्या हातात आलं, त्याला आता तीन वर्षं झाली. सोसायटीनं एक जुनी मोटारबोट घ्यायचं ठरवलं होतं, आणि उजनीच्या काठावर एका दलालाकडं ती बघूनही ठेवली होती.

"बोट एकच हाय, इंजिनं दोन," सहादेवराव म्हणाले. "एक बसवलेलं हाय, चार सिलिंडर, टर्बो. दुसरं त्याच्या शेडात पडलंय, जुनं दोन सिलिंडरचं. आपल्याला पाहिजे ते बसवून देतो म्हनला. मी तर टर्बोच म्हनतोय. सात मिनिटांत पलीकडं."

"आन् सात मिनिटांत पलीकडं जाऊन काय करनार?"

पुण्याहून शनिवार-रविवार पर्यटक येतील, बोटीतून फेरी मारतील, असं काहीतरी सहादेवराव पुटपुटले. गनीभाईंनी स्पॅनर पुसून जागेवर ठेवला. बोट या माणसाला मिरवायला पाहिजे, हे त्यांना तेवढ्यात समजलं. तरी ते जायला तयार झाले. कुणीतरी रंग फासून ठेवलेलं इंजिन उघडं पाडायला मिळणार असेल, तर ते दीडशे किलोमीटर आनंदानं जायचे.

सकाळी साडेसातला तिघं उजनीच्या काठावर पोचले. तिसरी सुरेखा. गाडीत ती मागं बसली होती आणि सगळ्या वाटेत चार वाक्यं बोलली असेल. गनीभाईंनी तिला एकदा आरशात पाहिलं आणि सोडून दिलं. वल्हं मारणारी बाई, इंजिनातलं तिला काय कळणार, असं त्यांच्या मनात आलं. तिला आणलंच कशाला, हे काही त्यांना उलगडलं नाही.

अमृत नावाचा तो दलाल पांढऱ्या बुटात आला. त्यानं ताडपत्री ओढली. फायबरची बोट चांगली होती, तळाला कुठं तडा नव्हता, हे गनीभाईंनीही कबूल केलं. मग इंजिनाचं झाकण निघालं. इंजिनाला ताजा हिरवा रंग, नट-बोल्टांवरसुद्धा. सहादेवराव वाकून बघू लागले. गनीभाईंनी उलटा पंजा इंजिनाच्या अंगाला लावला आणि तसाच ठेवला.

"हे गरम कसं?"

"ऊन लागलं असेल, चाचा."

"पौषातलं साडेसातचं ऊन. ताडपत्रीतून."

अमृत हसला. "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून ठेवलं. सुरू करून दाखवू का?"

"नको. थंड हुऊ दे."

आणि गनीभाई काठावरच्या दगडावर जाऊन बसले. अमृतनं चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. सहादेवराव म्हणाले, इतक्या लांबून आलोय, बघून तर घेऊ. गनीभाईंनी मान वळवली नाही. गरम इंजिन कुणीही सुरू करतं. मेलेल्या इंजिनालासुद्धा तापवून दोन तास जिवंत ठेवता येतं, हे त्यांना माहीत होतं, अमृतलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त चेअरमनला. असली माणसं सोसायट्या चालवतात, या विचारानं गनीभाईंना सकाळच्या थंडीत बरीच ऊब आली.

साडेअकराला त्यांनी पुन्हा पंजा लावून पाहिला. "हां. आता मार सेल्फ."

इंजिन कण्हलं, थांबलं. पुन्हा कण्हलं. सहाव्या वेळी बॅटरी बसायला आली, तेव्हा कुठं ते धडपडत सुरू झालं. मागं पांढऱ्या धुराचा एवढा लोट उठला, की पाण्यावरचे बगळे उडाले. गनीभाईंनी इंजिन चालू असतानाच तेलाचं झाकण उघडलं. आतून फसफस धूर येऊ लागला आणि तेलाचे थेंब अमृतच्या पांढऱ्या बुटावर पडले.

"बॅक मारतंय," गनीभाई सहादेवरावांना म्हणाले. "बोअर-पिस्टन सगळं झिजलंय. जीपचं इंजिन हाय हे. मालकानं काढलं, कारन जीप चढाला चढंना. आता ते तुमी पान्यात घालनार."

"दुरुस्त करून घेऊ की," सहादेवराव म्हणाले. "तुम्ही हायातच."

"म्या ह्याला हात लावनार न्हाई. दुसरा कोन मिस्त्री तुमच्या पान्यात येतोय, त्याला विचारा."

दुसरं कुणी येणार नव्हतं, हे सहादेवरावांना माहीत होतं.

दुसरं इंजिन शेडात गोणपाटाखाली होतं. रंग उडालेला, वर कोंबडीची शीट. दोन सिलिंडर, सोळा हॉर्सपॉवर, मिनिटाला पंधराशे फेरे, पाण्यानं थंड होणारं. गनीभाईंनी गोणपाट काढलं, झाकण उघडलं, तेलात बोट बुडवून बोटावर चोळलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. दाब सोडणारी डिकॉम्प्रेशनची खिट्टी वर करून त्यांनी हँडल बसवलं, चार-पाच वेढे दिले आणि खिट्टी पाडली. इंजिन टुक-टुक करत लागलं. धूर आला तो एक फुंकर, नंतर काही नाही.

"हे घ्या," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं लागतील पलीकडं जायला. तेवढ्यात दूध काय नासत न्हाई."

"हँडलचं हाय?" सुरेखानं विचारलं.

गनीभाईंनी तिच्याकडं पाहिलं. "मग काय बटनाचं पाहिजे? मारायला जमत नसंल तर मानूस ठेवा."

सुरेखानं इंजिन बंद करायला लावलं, पदर खोचला आणि हँडल धरलं. गनीभाईंची नजर सवयीनं तिच्या हातावर गेली. अंगठा बाहेर होता, चार बोटांच्या बाजूला. असा अंगठा शिकवल्याशिवाय कुणी धरत नाही. पहिल्या वेढ्याला खिट्टी लवकर पडली आणि हँडलनं उलटा झटका दिला. तिनं हात अलगद सोडला, हँडल हवेत फिरून थांबलं. दुसऱ्यांदा इंजिन लागलं.

"कुनी शिकवलं?"

"कोल्हारला माहेर हाय माझं. आमच्या वडलांचं नदीवर इंजिन हुतं."

गनीभाई म्हणाले, "मग अडचन काय?"

सुरेखानं फडक्याला हात पुसले. "भाई, हितं माझे दोन्ही पाय जमिनीवर हायेत. पान्यात होडी हालती. मधेच बंद पडलं, वारा सुटला, पोरं बसल्यात, दुधाची क्यानं कलंडत्यात. तवा मी हे वाकून कशी मारू? तोल गेला तर हँडल सोडू का सुकानू?" तिनं फडकं इंजिनावर टाकलं. "तुमी इंजिन तुमच्या शेडासाठी निवडलंय. आमच्या पान्यासाठी न्हाई."

सहादेवराव खूश झाले, त्यांना वाटलं टर्बोची गाडी पुन्हा रुळावर आली. "तेच मी म्हनत हुतो. सेल्फवालं बरं."

"ते तर मी फुकट दिलं तरी चालवनार न्हाई," सुरेखा त्यांच्याकडं न बघता म्हणाली.

गनीभाईंना राग यायला पाहिजे होता. अठ्ठेचाळीस वर्षांत गिऱ्हाइकानं त्यांना चूक दाखवली नव्हती. दाखवली असती तर त्यांनी त्याचं इंजिन रस्त्यावर काढून ठेवलं असतं. पण तिच्या बोलण्यात त्यांना फट सापडेना. त्यांनी उभ्या आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता. हँडल मारताना जमीन हलत असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चेअरमनला विचार करता येत नाही म्हणून सकाळपासून ते त्याला मनात शिव्या देत होते. आता त्याच शिव्या स्वतःला द्यायची वेळ आली, आणि ती सवय त्यांना नव्हती.

ते इंजिनाभोवती एक फेरी मारून आले. फ्लायव्हीलच्या जड चाकावर बोटं फिरवली.

"ह्याला दाती रिंग बसती," शेवटी ते कुणाकडंच न बघता म्हणाले. "टेम्पोचा सेल्फ लावता येतो. हँडल राहू द्यायचं, बॅटरी गेली तर काठावर मारायला. रिंग चढवायला भट्टी लागंल."

"किती दिस?" सुरेखानं विचारलं.

"लागतील तेवढे."

आठ दिवस लागले. बोट ट्रकनं धरणावर आली, इंजिन गनीभाईंच्या शेडात. रिंग पहिल्यांदा वाकडी चढली. त्यांनी ती छिन्नीनं तोडून फेकली आणि दुसरी आणली. आसिफ एका दुपारी दुकान बंद करून आला आणि बटणाची वायरिंग करून गेला. गनीभाईंनी ती तीनदा ओढून पाहिली. सुटली नाही. "ठीक हाय," ते म्हणाले. शमशादबींनी ते आतून ऐकलं आणि रात्री आसिफला मटण जास्त वाढलं.

उद्घाटनाला सहादेवरावांनी फुगे लावले, नारळ फोडला आणि वेगाबद्दल भाषण केलं. गनीभाई गेले नाहीत. नारळ फोडून इंजिन चालत नाही, एवढा निरोप त्यांनी पाठवला.

मग ते फोनची वाट बघू लागले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, पण बघू लागले. जुनं इंजिन, नवा सेल्फ, पाण्यातली बाई. महिन्याभरात काहीतरी होणार, ती फोन करणार, आणि ते तिला तेल कधी बदललं ते विचारणार. फाल्गुन गेला. चैत्रात पाणी ओसरलं, काठावर चिखल आणि शेवाळ उघडं पडलं. आता इंजिनाला पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी तुंबणार, इंजिन तापणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फोन आला नाही. टाकळवाडीचा एक दूधवाला सायलेन्सर घेऊन आला, तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बोट? चालू हाय की. परवा मधेच तापली हुती. सुरेखावैनींनी बंद केली, जाळी काढली, धुतली, लावली. धा मिनिटांत चालू."

"आन् तेल?"

"बदलल्याची तारीख वैनी घराच्या भिंतीवर लिहून ठेवत्यात."

गनीभाईंनी सायलेन्सर बाजूला सारला. त्या दिवशी त्यांनी आणखी तीन गिऱ्हाइकांचा अपमान केला, पण त्यात पूर्वीची गोडी लागेना.

वैशाखात एका सकाळी ते मोटारसायकल काढून धरणावर गेले. कुणी बोलावलं नव्हतं. काठावर उभं राहून त्यांनी पाण्याकडं कान दिला. बोट अजून ठिपक्याएवढी होती, पण आवाज आधी आला. ते डोळे मिटून ऐकत राहिले. बोट काठाला लागली, पोरं उतरली, क्यानं उतरली. सुरेखानं त्यांना पाहिलं.

"काय भाई, इकडं कुठं?"

"दुसऱ्या शिलिंडरचा टॅपेट वाजतोय."

"ठाव हाय," दोरी खुंटीला बांधत ती म्हणाली. "परवापासनं वाजतोय. आयतवारी करनार हाय. फीलर गेज तेवढा न्हाई माझ्याकडं."

गनीभाईंनी मोटारसायकलच्या डिकीतून फीलर गेज काढला. टॅपेटची फट मोजायच्या पातळ पात्यांचा तो जुडगा, चाळीस वर्षं वापरलेला, पात्यांवरचे आकडे झिजून गेलेले. तो त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता.

"पाती पुसून ठेवायची," ते म्हणाले. "तेलाच्या हातानं न्हाई."

"व्हय."

"आन् थंड असताना करायचं."

सुरेखानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं ते तेल न बदलणाऱ्या बागायतदाराकडं पाहत असत. गनीभाईंनी ती नजर बरोबर ओळखली. त्यांनी किक मारली, आणि वळणापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की फीलर गेज परत कधी द्यायचा हे आपण सांगितलंच नाही.