मेल इंजिनाचं धुराडं

धुराडं बसत नव्हतं. क्रेननं इंजिनावर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. एका बाजूचे बोल्ट गेले की दुसऱ्या बाजूची भोकं सरकलेली.

गिऱ्हाइकाचा हा फोन ऐकून आमचे मालक माझ्यावर ओरडले, “कांबळे, डिग्री काय भिंतीला लावायला घेतलीय?”

डिग्री खरंच भिंतीला लावलेली होती. वडिलांनी कागलच्या साखर कारखान्यावर ऊस उतरवून मला इंजिनिअर केलं. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ती फ्रेम त्यांनीच ठोकली होती.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी कोल्हापूरला शिरोलीच्या एका फौंड्रीत होतो. आम्ही पंपांची बॉडी ओतायचो. त्यात एका खाजगी संग्रहालयाचं काम आलं. त्यांनी वाफेचं जुनं मेल इंजिन भंगारातून आणलं होतं.

या इंजिनांचा एक क्लास होता. क्लास म्हणजे एकाच नकाशावरून बनलेली भावंडं. ती फक्त पळण्यासाठी बनवलेली. चाकं माणसाच्या उंचीची, कारण मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. पण त्याला ओढ कमी. पुढं डबे वाढले, जड झाले, आणि ही इंजिनं चढाला धापा टाकू लागली. मग त्यांच्याकडून मेल काढून घेतली, पॅसेंजर दिली. नंतर यार्डात डबे ढकलायला लावलं. शेवटी भंगार. मला यात नवल वाटलं नाही. चाकरीत असंच होतं.

या क्लासची ओळख म्हणजे वर पितळी काठ असलेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं धुराडं. तेच उतरवताना पडून फुटलं आणि तुकडे भंगारात गेले. संग्रहालयानं नकाशा पाठवला. त्यावरून आमच्या दत्तोबा मिस्त्रींनी लाकडी पॅटर्न केला.

पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवतात. त्यासाठी मिस्त्रीची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरा लांब.

“दत्तोबानं पट्टीत घोळ घातला,” मालक म्हणाले. “उद्यापासनं बंद कर त्याला.”

“मालक, ओतलेलं धुराडं पाठवायच्या आधी मी नकाशाशी ताडून बघितलंय.”

“मग बसत का नाही? जाऊन बघ. पण येताना कुणाची चूक ते नाव घेऊन ये.”

माझी चूक निघाली नाही तर नाव एकच उरत होतं. दत्तोबांच्या रिटायरमेंटला थोडाच काळ राहिला होता. त्यांनी पट्टी माझ्या हातात आपटली.

“न्या तिकडं! मी चुकलो आसंन तर त्या इंजिनाम्होरं रुळावर झोपतो.”

“ते इंजिन चालत नाही, दत्तोबा.”

“म्हनून तर म्हनतोय की!”

एस्टीत उभ्यानं प्रवास करून संग्रहालयात पोचलो. धुराडं पुन्हा मापलं. नकाशाला तंतोतंत. म्हणजे दत्तोबा सुटले, पण हे मालकांना कोण पटवणार?

व्यवस्थापक म्हणाले, “नकाशा चुकायचा प्रश्नच नाही. आमच्या माणसानं स्वतः मापं घेतलीत.”

“कशावरून? धुराडं तर फुटलेलं.”

“इंजिनाबरोबर जुन्या वर्कशॉपमधलं लाकडी मॉडेल मिळालंय. हुबेहूब!”

ते बघितलं आणि मी दोन्ही पट्ट्या काढल्या. भोकांमधलं अंतर साध्या पट्टीनं पंधरा इंचांच्या थोडं वर भरलं. दत्तोबांची पट्टी लावली. बरोबर पंधरा. इंजिनावरची भोकं साध्या पट्टीनं मापली. तीही बरोबर पंधरा.

“साहेब, हे मॉडेल नव्हे. पॅटर्न आहे. आकसायची वाढ यात आधीच धरलेली आहे, आमची तिच्यावर दुसऱ्यांदा चढली.”

“म्हणजे आमचा नकाशा चुकला?”

“नकाशा बरोबर आहे. लाकडाचा आहे.”

त्यांनी दार लोटून घेतलं. “हे इथंच राहू दे. ट्रस्टींना मी काय सांगू?”

“ट्रस्टींना काहीही सांगा. आमच्या मालकांना सांगा, मिस्त्रीची चूक नाही. आत्ता, माझ्यासमोर.”

“नंतर बोलतो की.”

“मग धुराडंही नंतरच ओतू.”

त्यांनी फोन लावला. मालक पलीकडून फक्त “हं” म्हणाले. दत्तोबांचं काम चालू राहिलं, पण ‘तुझी चूक नव्हती’ एवढं ते त्यांना शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

नवं धुराडं पहिल्या झटक्यात बसलं. उद्घाटनाला मला आणि दत्तोबांना मागच्या रांगेत खुर्च्या होत्या. इंजिनाशेजारी क्लासचा सगळा इतिहास लिहिलेला फलक होता. शेवटची ओळ होती, ‘या इंजिनाचे सर्व भाग मूळ आहेत.’

दत्तोबांनी ती वाचली आणि मान वर करून धुराड्याकडं बघितलं.

“बरं झालं, साहेब. मी ह्यात न्हाईच म्हटल्यावर चुकलो तरी कसा?”

आता कुणीही नकाशा आणला की मी आधी विचारतो, माप कशावरून घेतलं? बहुतेकांना राग येतो. मी उत्तर येईपर्यंत थांबतो.