पिढीजात हा शब्द काढा

सोमवार, १० जून २०२४. सकाळचे अकरा. ठिकाण लातूर, मालकांच्या होस्टेलचं ऑफिस. रक्कम पंचवीस लाख. हजर चौघं: मालक, त्यांचे वकील, माझी मुलगी आणि मी.

"लिहा वकीलसाहेब," मालक म्हणाले, "सदर मुलगी ही आमच्या पिढीजात सालगड्याची नात आहे."

वकिलांनी टाइप केलं. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी टेबलाकडं.

मुलीला आयर्लंडच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. व्हिसासाठी पंचवीस लाखांची ऐपत दाखवायची होती. मी नांदेडला जिल्हा परिषदेत लेखा विभागात आहे. माझी सगळी शिल्लक सहा लाख ऐंशी हजार. नांदेडचा व्हिसा एजंट म्हणाला, "स्पॉन्सर आणा. नातेवाईक नसला तरी चालतो. फक्त तुमचा-त्याचा संबंध काय आणि तो खर्च का करतोय, हे प्रतिज्ञापत्रात पटायला पाहिजे."

एवढा पैसा असलेला एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. ज्याच्या शेतात माझा बाप राबला तो.

मालक लगेच हो म्हणाले. "व्याज नको. गावची पोरगी हाय." कमी पडेल तेवढं ते देणार, मी फेडणार, असं ठरलं. मी बसमध्ये मुलीला म्हणालो, माणूस मोठ्या मनाचा आहे.

आता तो कागद समोर होता. मी म्हणालो, "मालक, गावकरी लिहू. नाहीतर कौटुंबिक परिचय."

ते हसले. वकिलांकडं बघून हसले. "कौटुंबिक? तुमचं अन् आमचं कुटुंब कवापासून एक झालं रे? खोटं कशाला लिहायचं? तुझा बाप सालगडी व्हता का न्हाई?"

"होता."

"मग?"

ते खरं होतं. बापाचं काम सांगायची मला लाज नव्हती. पण त्या वाक्यात काहीतरी खटकत होतं. माझी सवय अशी की बेरीज चुकली तर आधी एकेक आकडा तपासायचा. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. सालगडी बरोबर. नात बरोबर. पिढीजात?

साल म्हणजे एका वर्षाचा करार. पाडव्याला धरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं. माझ्या बापानं अकरा पाडवे साल धरलं. मग १९९३चा भूकंप झाला. मी एकवीस वर्षांचा होतो. मालकांचं दुमजली माळवदाचं घर पडलं, आमची झोपडी पडली. जमीन सगळ्यांखाली सारखीच हलली. नव्या गावात घरं मिळाली ती मात्र ज्याचं जेवढं शेत तशी. आम्ही भूमिहीन, आम्हाला अडीचशे चौरस फूट. त्यांना साडेसातशे. त्यांनी ते घर बंद ठेवलं आणि लातूरला आले. क्लासेस वाढले तशी त्यांनी तीन होस्टेलं उभी केली.

आणि भूकंपानंतरच्या पाडव्याला माझा बाप साल धरायला गेला नाही. दोनदा बोलावणं आलं. नाही गेला. नांदेडला येऊन बांधकामावर विटा वाहिल्या आणि मला परीक्षेला बसवलं.

तो नाही गेला. आणि मी आलो होतो. मुलीला घेऊन, स्वतःच्या पायानं.

मी म्हणालो, "पिढीजात काढा."

"काय?"

"बापानं अकरा वर्षं साल धरलं. अकरा वर्षं लिहा, मी खाली सही करतो. मी कधी धरलं नाही. ही तर नांदेडला जन्मली. पिढीजात हा शब्द काढा."

मालकांचा चेहरा बदलला. "तू नांदेडला पळालास म्हणून काय पिढी तुटली व्हय? आमच्या मिठावर वाढला तुम्ही. पंचवीस लाखाला सही करायलोय, अन् मला शब्द शिकवतो? हाय ते तसंच ऱ्हाईल. सही पाहिजे तर पाहिजे, न्हाई तर न्हाई."

वकील हळूच म्हणाले, "अहो, तिकडं कोण वाचतंय. एक शब्द तर आहे."

तेवढ्यात मुलगी बोलली. शांतपणे. "काका, माझे आजोबा सालगडी होते हे मी विद्यापीठाला पाठवलेल्या पत्रात लिहिलंय. पहिल्याच ओळीत. पण त्याच्याखाली सही माझी आहे."

"तुझ्या सहीला कोण विचारतंय ते बघू," ते म्हणाले.

मी उठलो. स्टॅम्प पेपर त्यांनी आणला होता. शंभराची नोट टेबलावर ठेवली.

"शंभर रुपयाचा माज," ते म्हणाले.

"स्टॅम्पचे आहेत," मी म्हणालो. मालक म्हणालो नाही. तोंडातून आलाच नाही तो शब्द. त्यानंतर कधी आला नाही.

ते वर्ष गेलं. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. विद्यापीठानं प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलला. मुलगी वर्षभर एका क्लासमध्ये पेपर तपासत बसली. माझा मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊजी, एका शब्दापायी पोरीचं वर्ष घालवलं तुम्ही." मी म्हणालो, "हो. एका शब्दापायीच."

पुनर्वसनाचं घर तारण म्हणून चालेना. नांदेडच्या घरावर तीन लाख चाळीस हजारांचं कर्ज बाकी होतं. भविष्यनिर्वाह निधीतून काढून ते फेडलं, घर मोकळं केलं आणि पुन्हा बँकेत गहाण टाकलं. पंचवीस लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं. प्रतिज्ञापत्र मी दिलं. संबंध: वडील. व्हिसा आला. उद्या हे घर गेलं तर जाईल. ते माझ्या सहीनं जाईल. पण माझ्या पोरीला वारशात कुणाचा मालक मिळणार नाही. तेवढं मी संपवलं आहे.

हिशेब असा. विद्यापीठाला चौदा लाख साठ हजार, बँकेमार्फत. एजंटला चाळीस हजार, पावती घेऊन. बँकेला पहिल्या महिन्याचं व्याज बारा हजार एकशे सदुसष्ट, माझ्या पगारातून.