मत साहेबांचं, उत्तर हिचं

"पटत नसेल तर सांगा," असं म्हणून साहेब भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ठेवायचे. समोरचा बोलेपर्यंत तो तोंडात जायचा नाही. आमटी निवायची, पण यांचा हात वरच. तुम्हीही साहेबलोक पाहिले असतील. "काही अडचण असेल तर सांगा" म्हणतात आणि आपण तोंड उघडायच्या आत गाडीत जाऊन बसतात. हे तसले नव्हते. हे थांबायचे.

मी चौथी शिकलेला माणूस. तुंगार्लीत कंपनीचा बंगला आहे, त्याची राखण करतो. झाडं, पाणी, लाईट सगळं माझ्याकडं. स्वयंपाक आमच्या मंडळींकडं होता. मागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. आता मी एकटा राहतो. ती गेली. कशानं गेली ते सांगत बसत नाही, सांगून ती काही परत यायची नाही.

साहेब कामशेतच्या पुढच्या कारखान्याचे सगळ्यात मोठे अधिकारी. बायकामुलं पुण्यात. सुट्टीला तिकडं, बाकीचे दिवस बंगल्यावर. आले तेव्हा पहिले काही दिवस टेबलावर जेवले. मग एकट्याला घास जात नाही म्हणून ताट घेऊन स्वयंपाकघरातच यायला लागले. ही ओट्यापाशी, मी दाराच्या पायरीवर, साहेब स्टुलावर. आणि मग राजकारण.

राजकारणाचा साहेबांना भारी नाद. मला त्यातलं काही गोड लागत नाही. पण ही ऐकायची. हिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिचं मत नाही असा विषयही नव्हता.

साहेबांचं एक मत पक्कं होतं. जात बघून कोणालाच काही देऊ नये. नोकरी नाही, कॉलेजातली जागा नाही. गरिबी बघा आणि द्या. ते असं समजावून सांगायचे की मला पटायचं. मग हिच्याकडं वळायचे.

"पटत नसेल तर सांगा, मावशी."

"न्हाई पटत," ही भाकरी थापता थापता म्हणायची. "माज्या म्हायेरी हिरीवर गरिबाला कुनी अडवलं न्हाई, सायेब. जात बगून अडवलं. आमच्याच मानसांनी अडवलं, म्या बगितलंय. आन आता देताना तेवडी गरिबी बगायची व्हय?"

साहेब तुकडा धरून बसायचे. मग म्हणायचे, "ते वेगळं, मावशी."

"काय येगळं? सांगा की."

"विचार करून सांगतो."

"करा. तवर आमटी गार व्हतीय, ती खावा."

हे एकदाच नाही झालं. साहेब नवा मुद्दा घेऊन यायचे आणि ही त्यांना पुन्हा त्याच विहिरीवर नेऊन उभं करायची. मी एकदा म्हणलं, "अगं, सायेब हायेत ते. जरा जपून बोल." तर म्हणाली, "त्येंनी इचारलं म्हनून सांगितलं. तुमी कदी इचारलं मला?" मी उठून झाडांना पाणी घालायला गेलो.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा साहेब आपलं ताट घेऊन आमच्या खोलीच्या दारात येऊन बसायचे. म्हणायचे, "आज मी भांडत नाही, मावशी." तिच्यात बोलायचा जोर नसायचा. बोटानं खुणावायची, बोला म्हणून. मग साहेब बोलायचे. ती ऐकायची आणि मान हलवायची, नाही पटत.

आमच्या मावळात दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात आणि कावळा शिवेपर्यंत माणसं बसून राहतात. बसलेली माणसं दिसली की माईक येतोच. सगळ्या पक्षांचे पुढारी येऊन श्रद्धांजली वाहतात. मेलेल्या माणसाचं नाव एकदा घ्यायचं, पुढं सगळं आपलं. बाहेरच्याला हसू येईल, पण आम्हाला सवय आहे. एखाद्याच्या दहाव्याला पुढारी आला नाही तर घरच्यांनाच वाईट वाटतं.

हिच्या दहाव्याला कावळा लवकर शिवेना. मी पिंडापुढं हात जोडून आमच्या पोरींची नावं घेतली, सगळं नीट करीन म्हणलं. कावळे झाडावर बसून होते, खाली काही येईनात. तिकडं माईक चालूच. निवडणूक तोंडावर आलेली. एक पुढारी उठले आणि म्हणाले, आपल्या समाजाला आरक्षण मिळवून दिल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही, हीच मावशींना खरी श्रद्धांजली. टाळ्या पडल्या. दहाव्याला टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

बोलणारे संपले, कावळा काही शिवला नाही. माईकवाला आमच्या भावकीतला. त्याला मागं पांढऱ्या शर्टातले साहेब दिसले. म्हणाला, "कंपनीचे साहेब दोन शब्द बोलतील." साहेबांनी हातानं नको नको केलं, पण तोवर माईक हातात आला होता.

साहेब म्हणाले, "मी मावशींच्या हातचं जेवलो, आणि मावशींशी भांडलो. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझं मत असं की जात बघून कोणालाच काही देऊ नये. या समाजाला नाही, त्या समाजाला नाही." मग थांबले. मग विहिरीची गोष्ट सांगितली. हिच्याच शब्दांत, कोणी अडवलं त्यासकट. अडवणाऱ्यांची नातवंडं समोर बसली होती. शेवटी म्हणाले, "मावशींच्या या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. आता द्यायचं तरी कोणाला?"

माईकवाल्यानं माईक परत घेतला. साहेब खाली बसले आणि कावळा शिवला. मी त्यात काही मानत नाही, कावळ्याला भूक लागली असेल. पण तो जरा आधी शिवला असता तर साहेबांची नोकरी राहिली असती, एवढं खरं.

संध्याकाळपर्यंत ते बोलणं सगळ्यांच्या मोबाईलवर आलं होतं. मलाही जावयानं दाखवलं. साहेब उभे आहेत, मागं हिचा हार घातलेला फोटो आहे. "त्या समाजाला नाही" इथपर्यंत दिसतं आणि संपतं. साहेबांचं बोलणं ठेवलं आणि हिचं काढून टाकलं. जावई म्हणाला, "मामा, मोठं बोलणं कोण बघत नाही." मी म्हणलं, "ती काय मोटं बोलली? हिरीचंच तर बोलली."

कारखान्याच्या गेटवर आरक्षण मागणारी आणि आरक्षण असलेली, अशी दोन्हीकडची माणसं जमली. एरवी एकमेकांच्या मोर्च्याला जात नाहीत, त्या दिवशी एकाच गेटवर उभी होती. मुंबईच्या ऑफिसातून एक मॅडम बंगल्यावर आल्या. मी चहा ठेवला आणि न विचारता सगळं सांगितलं, काय कापलं ते. बाई चांगली होती. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा, तुमचं खरं आहे. पण मत तर त्यांचंच आहे ना?"

"व्हय. त्येंचंच."

"मग उद्या कोणाला कामावर घेतलं नाही, तर तो म्हणणार, साहेब असल्या मताचा, म्हणून घेतलं नाही. त्याला आम्ही काय सांगायचं?"

मी चहा गाळला आणि कप त्यांच्या हातात दिला.

मग मॅडम साहेबांकडं वळून म्हणाल्या, "मत बदललं आहे एवढं लिहून द्या, सगळं शांत होईल. मनातून काय मानता त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही."

साहेब हसले. म्हणाले, "मी चुकीच्या जागी बोललो. आबांची माफी मागितली आहे, हवी तर सगळ्यांसमोर पुन्हा मागतो. पण मत मावशींनी इतकं सांगून बदललं नाही, ते तुमच्या सांगण्यावरून एका दुपारीत बदललं असं कसं लिहू? बदललंच तर त्यांच्यामुळं बदलेल."

मॅडमनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता.

त्याच आठवड्यात प्रल्हाद मला भेटायला आला. घोरावाडीकडचा, बौद्ध घरातला, कारखान्यात मशिनवर आहे. त्याला साहेबांनीच कायम केलं होतं. मला वाटलं हा साहेबांच्या बाजूनं बोलेल.

"कायम केलं, त्ये नाकारत न्हाई," प्रल्हाद म्हणाला. "पन आबा, माजी पोरगी तितंच कामाला लागायचं म्हनतीय. ती त्येंच्याम्होरं जाऊन बसली की तिचं आडनाव बगून ह्येंच्या मनात काय आलं, आसं मला वाटनार का न्हाई? तुमचं काय जातंय?"

"माजं काय न्हाई जात," मी म्हणलं. खरंच होतं ते.

मी त्याला विहिरीचं सांगितलं. त्यानं ते ऐकलं नव्हतं. तो पायरीवर टेकला. म्हणाला, "मावशी आसं बोलायच्या?"

"रोज."

"आन सायेब ऐकून घ्यायचे?"

"घास धरून."

मी विचारलं, "मग काडावं का त्येंला?" तो म्हणाला, "कामात चुकले असते तर काडा म्हनलो असतो. कामात कुटं चुकलेत? पन तसं वाटतं त्ये बी खोटं न्हाई. मला इचारू नका, आबा. गेटवर मी गेलो न्हवतो, एवडं सांगतो."

मी अडाणी माणूस, पण यावर पुष्कळ विचार केला. आता दुसरं काम काय आहे मला? मी उद्या म्हणलं अमक्याला काही देऊ नका, तर माझं कोण ऐकतं? बंगल्यातली झाडं. साहेबाचं मत लोकांच्या पोटावर जाऊन बसतं. तेव्हा साहेबानं जास्त जपून राहावं, हे मला मान्य आहे. त्यानं जात बघून कोणाचं काम अडवलं असतं तर मीच त्याला पाणी दिलं नसतं. पण अडवलं कोणाचं, ते दाखवा की. ते कोणी दाखवलं नाही. आणि हिला ते मत मुळीच पटत नव्हतं, तरी हिनं कधी त्यांचं ताट वाढायचं थांबवलं नाही. रोज वाढलं आणि रोज भांडली. तिनं काढून टाकलं असतं का त्यांना? मला नाही वाटत. मग उद्या भांडायचं कोणाशी?

शेवटी कंपनीनं साहेबांना काढलं. ते गेले त्या दिवशी सामान गाडीत भरून झाल्यावर आमच्या खोलीत आले. हिच्या फोटोपुढं उभे राहिले. मी बाहेर थांबलो. आतून बोलण्याचा आवाज येत होता. काय बोलले ते मी विचारलं नाही, ते त्या दोघांचं होतं. बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. पुण्यात घरीच असतात म्हणे. फोन करीन म्हणतो, पण मला फोनवर बोलता येत नाही.

आता नवीन साहेब आलेत. माणूस सभ्य आहे. टेबलावर जेवतात. जेवण बाहेरून डब्यात येतं, मी फक्त वाढतो. एकदा मीच विषय काढला, "ह्या येळेला कोन निवडून येनार, सायेब?" तर म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही, आबा," आणि मोबाईल बघायला लागले. पेपर येतो, घडीसुद्धा मोडत नाही.

परवा प्रल्हाद येऊन पायरीवर बसला. पोरीला मुलाखतीला बोलावलंय म्हणाला.

"नवीन सायेब कसे हायेत, आबा?"

"येळेवर जेवत्यात."

"आन मनानं?"

"त्ये त्येंनी सांगितलं न्हाई. कुनालाच सांगत न्हाईत."

प्रल्हाद ओट्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "भांडत्यात तरी का कुनाशी?"

"न्हाई," मी म्हणलं.