फुटाणेअक्काचा अभिप्राय

फुटाणेअक्काला काहीही आवडत नसे. लग्नातली बुंदी असो, नवा पटवारी असो की देवळात आलेला कीर्तनकार, ती एक फुटाणा दाढेखाली धरायची, कडकन फोडायची आणि म्हणायची, "सुळ्ळु." कानडीत सुळ्ळु म्हणजे खोटं. हळ्ळीखेडच्या बाजारात तिची सगळी टीका या एका शब्दात उरकायची. शिवी मराठीत आणि निकाल कानडीत, अशी तिची वाटणी होती.

बाजाराच्या तोंडाशी तिची भट्टी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि हातात वाळूची चाळण. मी गावातला पहिला बी.ए. हे मी आजही कोणी न विचारता सांगतो, कारण माझ्या बापाला सही करता येत नव्हती. पदवी घेऊन आलो तेव्हा गावाने हार घातला. अक्काने मूठभर हरभरे पुढे केले आणि यातले आतून कच्चे कोणते ते विचारलं. मला सांगता येईना. "मग चार वर्षं काय करायलतास तिथं?" असं म्हणून तिने हरभरे परत कढईत टाकले.

सोलापूरच्या माझ्या तीन कॉलेजमित्रांनी तेव्हा एक चित्रपट काढला होता. कॅमेरा उसना, नट फुकटचे. आवाज भरायला पैसे नव्हते म्हणून मुका. आमच्या संस्थानात ते दिवस लेव्हीचे होते. सरकारी माणसं गावोगाव फिरून घरातलं धान्य वसूल करीत. त्यावर उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून मित्रांनी कुठल्याशा चंद्रनगरचा दुष्ट राजा उभा केला. राजाची माणसं रयतेचं धान्य लुटतात आणि एक तरुण रातोरात पेव उघडून ते गावात वाटून टाकतो, एवढीच कथा. पेव म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. जमिनीत खोल खड्डा, आत जोंधळा, तोंडावर फरशी आणि चिखल.

चित्रपट गावात आणला मी. बाजाराच्या दिवशी फिरता तंबू आला होता, त्याच्या मालकाला पटवलं आणि ठाण्यात धार्मिक खेळ म्हणून लिहून दिलं. दिवेलागणीला पडद्याशेजारी काठी घेऊन उभा राहिलो आणि मराठीत, मग कानडीत कथा समजावू लागलो. गाव आता पेटून उठणार अशी माझी खात्री होती. बी.ए. झालेल्या माणसाला अशा खात्र्या फार असतात.

किराणावाले शेटजी उपरण्याने डोळे पुसत होते. शाळेचे गुरुजी हळूच वाहवा म्हणत होते. तेवढ्यात दाराशी टोपली घेऊन बसलेली अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "बैल घाण्याचा हाय रे तो. नांगराला जुंपलाय, पन सारखा डावीकडंच वळायलाय." लोकांनी नीट पाहिलं. बैल खरोखरच गोल फिरू बघत होता. तंबू खदखदा हसला. पुढे नायिका डोक्यावर घागर घेऊन पळत आली. "रिकामी हाय. भरली असती तर मान अशी हलली असती व्हय?" राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा निघाला, लुटीचं पोतं हलकं निघालं. माझी क्रांती फुटाण्यांबरोबर चावून खाल्ली जात होती. शेवटी नायकाने पेवावरची फरशी सरकवली, आत उडी मारली आणि धान्याची पाटी खांद्यावर घेऊन हसत वर आला. तेव्हा मात्र अक्का उठली. टोपली उचलून निघून गेली. मला बरंच वाटलं.

सकाळी ठाण्याच्या अमीनसाहेबांनी चावडीवर बोलावलं. खेळ धार्मिक नव्हता ही बातमी पोचली होती. चित्रपटाच्या पेट्या जप्त करून समोर ठेवल्या होत्या. सरकारविरुद्ध काही होतं असं दोन माणसांनी लिहून दिलं, की मी तुरुंगात आणि पेट्या चुलीत, एवढं सरळ होतं. शेटजी म्हणाले, आपल्याला डुलकी लागली होती, पण जवळचे लोक राजाला शिव्या देत होते खरं. गुरुजी म्हणाले, आपण गेलोच नव्हतो, पण ऐकलं ते चांगलं नव्हतं. आदल्या दिवशीचं उपरणं अजून वाळलं नसेल.

मग अक्का आली. "अम्मा, फिल्म में क्या था?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"सुळ्ळु," अक्का म्हणाली. "सगळं खोटं, अमीनसाब. लिवून घ्या." कारकुनाने दौतीत टाक बुडवला. तिने बैल सांगितला, घागर सांगितली, मुकुट सांगितला. अमीनसाहेबांना हसू आवरेना. मग तिने कारकुनाकडे बोट केलं.

"आन पेव. पोरगं फरशी काढतंय आन तसंच आत उडी टाकतंय. पेवात जीवघेणी वाफ धरती, साहेब. रातभर तोंड उघडं ठेवायचं, सकाळी दोरीला दिवा बांधून सोडायचा. दिवा विझला न्हाई तरच उतरायचं. माझा मालक हेच म्हणला व्हता, आज नको, उद्या उतरतो. तुमचा लेव्हीचा चपराशी म्हणला, आत्ता उतर. तो उतरला. हसत वर आला न्हाई. चौघांनी काढला. हे बी लिवा."

तिचा नवरा पेवात गेला हे गावाला ठाऊक होतं. त्याला उतरवलं कोणी, हे आजवर कोणी चारचौघांत उच्चारलं नव्हतं. मीही नाही, पडद्याशेजारी काठी घेऊन सुद्धा. कारकुनाचा टाक थांबला. खटला वर गेला तर ही जबानीही वर जाणार होती. अमीनसाहेबांनी कागद ओढून घेतला, चार तुकडे केले. नव्या कागदावर फालतू खेळ एवढंच लिहवून घेतलं आणि दुपारच्या आत तंबू उठवायला सांगितलं. पेट्या मला परत मिळाल्या.

आभार मानायला मी भट्टीवर गेलो. ती वाळू चाळत होती. "तुला वाचवाया न्हाई बोलले. खोट्याला खोटं म्हणले. दुसऱ्यांदा काढलास तर आधी दिवा सोडून दाखव."

मी मित्रांना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की दोरीला बांधलेला दिवा खाली जाताना बघत बसायला प्रेक्षकाला धीर नसतो.

संस्थान गेलं त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात अक्का वारली. नंतर तोच चित्रपट तालुक्याच्या गावी समारंभाने दाखवला. मित्रांना हार पडले. खेळ सुरू व्हायच्या आधी शेटजींनी भाषण केलं, की त्या काळातही आपण पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. गुरुजींनी मान डोलावली. मला मंचावर खुर्ची होती, ती सोडून मी मागे दाराशी जाऊन बसलो. बैल डावीकडे वळला, कोणी हसलं नाही. घागर पळाली, कोणी बोललं नाही. नायक पाटी घेऊन हसत वर आला आणि सभागृह टाळ्यांनी भरलं.

टाळ्या थांबेपर्यंत मी वाट पाहिली. मग शेवटच्या रांगेलाच नव्हे, मंचालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "सुळ्ळु."