आत हलवण्यासारखं काही नाही

मधु पारखे आमच्या अतिक्रमण पथकात मुकादम होता. इतका सरळ माणूस पालिकेत आला कशाला, हे मला कधी कळलं नाही. टपरी पाडायच्या आधी तो टपरीवाल्याचा फुकटचा चहा प्यायचा नाही. आम्ही प्यायचो आणि मग पाडायचो. "सरकार देवानंच नेमलंय," तो म्हणायचा. "साहेबांशी खोटं बोललो तर देवाशीच बोललो." असं बोलणाऱ्याला ऑफिसात येडा म्हणतात आणि सगळी नकोशी कामं त्याच्याच गळ्यात मारतात.

पथकाची एक रीत होती. रस्त्यातलं देऊळ पाडायचं असलं की आधी मूर्ती हलवायला वेळ द्यायचा. भटजी येई, नारळ फुटे, साहेब बूट काढून हात जोडत. तेवढ्यात कोणीतरी कोर्टातून स्टे आणी आणि देऊळ वाचे. मधु तेव्हा बाजूला उभा राही. "मध्या, तुझा देव कुठे ठेवतोस रे?" आम्ही चिडवायचो. "आमच्यात मूर्ती नसते," तो हसून सांगायचा.

एका शुक्रवारी ठाकुर्लीतली पत्र्याची शेड पाडायचा हुकूम आला. ती मधुच्याच ख्रिस्ती मंडळीची प्रार्थनेची जागा. त्याची आई, हौसाबाई, रोज सकाळी तिथे झाडू मारायची. साहेबांनी त्याला विचारलं, "सुट्टी घेतोस का?"

"नको साहेब. ड्युटी आहे."

आम्ही पोचलो तेव्हा मंडळी आत गात होती. पोलिसांनी सगळ्यांना बाहेर काढलं, त्यांनी सतरंज्या आणि ढोलकीही बाहेर आणली. त्यांची वकील विनिता ठाण्याच्या कोर्टातून स्टे घेऊन निघाली होती, पण माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेली. तिने मोबाइलवर पाठवलेला फोटो साहेबांना चालेना. त्यांना शिक्क्याचा कागद हवा होता. तरी साहेब काही राक्षस नव्हते. त्यांनी जेसीबी थांबवला, मधुजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आत देवाचं काही हलवायचं राहिलंय का? असेल तर सांग. अर्धा तास देतो."

सगळी मंडळी मधुकडे बघत होती. त्यांची प्रार्थना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी डोळे मिटले. मी त्याच्या पायावर पाय दिला. अरे गाढवा, हो म्हण! पण आत उरला होता फक्त भिंतीवर रंगाने काढलेला क्रूस.

"नाही साहेब," मधु म्हणाला. "आत हलवण्यासारखं काही नाही."

साहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि जेसीबीवाल्याला हात केला.

विनिता रिक्षातून उतरली तेव्हा पत्रे ट्रकमध्ये चढत होते. साहेबांनी तिचा कागद नीट वाचला, घडी केली आणि परत दिला. सोमवारी ऑफिसात मधुचं कौतुक झालं. बेशरमासारख्या टाळ्या वाजवल्या आम्ही.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मंडळी मैदानात बसली होती. मधुला कोणी हाकललं नाही, पण सतरंजीवर सरकून जागाही दिली नाही. पाळकसाहेबांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली, नाव घेऊन, मोठ्याने, चोर-दारुड्यांच्या रांगेत बसवून. हे सगळं त्यानेच मला सांगितलं.

घरी आल्यावर हौसाबाईने त्याला ताट वाढलं आणि समोर बसली.

"आत कायबी न्हाई म्हनलास," ती म्हणाली. "मग इतकी वर्सं म्या काय झाडत हुते रं?"

मधुने मान खाली घातली. खोटं त्याला येत नव्हतं.